डाव्या बाजूने

म्हापशाच्या कानाच्या डॉक्टरने कागदावर एक रेघ काढून दाखवली,
वरून खाली उतरत गेलेली.
"उजवा जवळजवळ गेलाय. डावा थोडा आहे.
तीनेक वर्षं तरी झाली असावीत."
शालन त्या उतारावरून बोट फिरवत राहिली,
साडीचा काठ पारखावा तशी.

तीन वर्षं.
तेवढीच वर्षं मी डाफरत होतो.
सत्तावीस वर्षं कदंबात कंडक्टर,
एका टोल्याला गाडी थांबायची, दोन टोल्यांना सुटायची,
आणि घरात चार हाका मारूनही बाई वळत नाही म्हणजे काय!

पुढच्या शुक्रवारी दोन्ही कानांत कापूस कोंबला,
वरून मफलर, भर मार्चमध्ये,
आणि कुणाला न सांगता बाजारात गेलो.
मासळीवाली कॉन्सेसांव काहीतरी बोलली, तीन बोटं वर केली.
तीनशे? तीन वाटे? तीनच उरलेत?
मी म्हटलं, हो.
चवरीच्या माळांखाली दोन पोरं हसली,
माझ्यावरच, असं मी ठरवून टाकलं.
मागून आलेली स्कूटर मला कोपराने कळली.
तासाभराने मान दुखायला लागली,
प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून बघून.
ऐकू न येणं मानेत दुखतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी तरी कुठे विचारलं होतं?

स्टँडवर येऊन कापूस काढला.
पणजी पणजी पणजी, डिचोली डिचोली,
सगळा म्हापसा एकदम कानात ओतला गेला.
बरं वाटलं. आणि लगेच लाज.
माझं तिकीट परतीचं होतं.

घरी तिने पिशवी उघडली.
तीन वाटे तारले. आमच्याकडे तारले कुणी खात नाही.
ती माझ्या कानाला चिकटलेल्या कापसाच्या धाग्याकडे बघत हसली.
"ऐकू न येताच हो म्हणून आलात ना?
मीपण तसंच करते."

मी तिथेच उभा.
तीन वर्षांतले तिचे सगळे हो मला आठवायला लागले.
कुळागराचा खालचा तुकडा विकू का? हो.
भाऊ आपल्याकडेच राहू दे? हो.
मुक्ताला लिस्बनला जाऊ द्यायचं? हो.
मी लोकांना सांगत फिरायचो,
आमच्या शालनचा स्वभाव म्हणजे पाणी.

रात्री दिवा माझ्या तोंडावर येईल असा सरकवला.
तिच्या डाव्या बाजूला बसलो.
ओरडायचं नाही, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात, डॉक्टर म्हणाला होता.
एकेक विचारत गेलो पुन्हा,
पाळी संपल्यावर तिकिटांचा हिशेब लावतात तसा.

"तुकडा? नाही. माझी सुरंगी होती तिथे.
विचारलंत तेव्हा मी चुलीकडे तोंड करून होते."
सुरंगी आता नाही. नव्या मालकाने गेल्याच वर्षी तोडली.
तेव्हा दोन दिवस ती जेवली नव्हती,
आणि मला वाटलं होतं, पित्त.

"भावजींना हो. ऐकलं असतं तरी हो.
पण एक दार मागितलं असतं मधे, कडी लागणारं."

मग मुक्ता.
मी प्रश्न दोनदा विचारला, सावकाश, ओठ उघडे ठेवून.
ती माझ्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघत होती.
"ते ऐकलं होतं," म्हणाली.

दारासाठी सुताराला निरोप धाडलाय.
यंत्र आलंय, ते कपाटात शिट्ट्या मारत पडून असतं,
तिला त्यात भांड्यांचाच आवाज येतो.
मी अजून चुकतो.
कालच विहिरीमागून हाक मारली,
मग वळसा घालून तिच्यासमोर गेलो,
तोवर काय सांगायचं होतं ते विसरलो.
"काय?" तिने विचारलं.
"काही नाही," म्हणालो, आणि तेही तिला नीट दिसेल असं म्हणालो.

तारले त्या रात्री तिने तिरफळं घालून केले.
चांगले झाले होते. काटे फार.
मी मान खाली घालून काटे वेचत होतो,
आणि मान खाली होती तोवर
एक शब्द बोललो नाही.